शस्त्रक्रियेची परीक्षा : उंडेऱ्यापासून परळपर्यंत

'शस्त्रक्रिया यशस्वी झाली' हे वाक्य इस्पितळाच्या बाकावर तासन्‌तास बसलेल्या नातलगांस अमृतासारखे वाटते. त्या शब्दांत मात्र दोन निरनिराळे अर्थ दडलेले असतात. सर्जनने आपले काम सफाईने पार पाडले, हा पहिला अर्थ. शस्त्रक्रिया न करता जे घडले असते त्याहून रुग्णाचे अधिक भले झाले, हा दुसरा. पहिल्या अर्थाची साक्ष शस्त्रक्रियागृहातील कोणीही देऊ शकतो. दुसऱ्याची साक्ष खुद्द सर्जनलाही देता येत नाही, कारण एकाच माणसावर शस्त्रक्रिया करूनही पाहायची आणि न करूनही पाहायची, ही सोय निसर्गाने ठेवलेली नाही. म्हणून एकासारखी दुसरी माणसे शोधून तुलना करावी लागते. ही तुलना प्रामाणिक कशी करावी, हे शिकण्यात वैद्यकाची शंभराहून अधिक वर्षे गेली. त्या इतिहासाची काही महत्त्वाची पाने बडोदे ते मुंबई या आपल्याच पट्ट्यात लिहिली गेली, याची आठवण या लेखात आम्ही करून देऊ इच्छितो.

इच्छापोर आणि सुरतेच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या मराठी घरांना हा विषय केवळ पुस्तकी नाही. खानदेशातून येताना तंबाखू-चुन्याची डबी आपल्याबरोबर आली आणि येथे तिला मावा व गुटखा येऊन मिळाले. तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले की अनेक घरांतील माणसे मुंबईची गाडी धरतात आणि परळच्या टाटा रुग्णालयाची पायरी चढतात. तेथे सर्जन जो सल्ला देतो तो कशाच्या आधारावर देतो, हे आपणांस ठाऊक असावे.

डोळ्यांना दिसणारे यश

प्रारंभ पुण्यापासून करू. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात एका शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी टिपू सुलतानाच्या हाती सापडला होता आणि तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला होता. पुढे पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळावरील त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. हा प्रकार दोन इंग्रज डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिला. ते वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याचे नावही नोंदले गेले नाही अशा त्या कारागिराची विद्या अशा रीतीने युरोपात पोचली.

एका माणसावरील एका शस्त्रक्रियेने एवढी खात्री पटली, कारण कापलेले नाक आपोआप उगवत नाही, हे सर्वांस माहीत होते. जेथे परिणाम ठळक असतो आणि निसर्गतः काय घडणार हे निश्चित असते, तेथे डोळ्यांची साक्ष पुरते. निखळलेला सांधा बसविणे, फुटलेली रक्तवाहिनी बांधणे, या गोष्टी कोणत्याही चाचणीवाचून सिद्ध आहेत.

मात्र बहुतेक दुखण्यांची जात अशी नसते. गुडघा काही महिने दुखतो, मग कमी दुखतो. कर्करोग एकात झपाट्याने वाढतो, तर दुसऱ्यात वर्षानुवर्षे रेंगाळतो. अशा ठिकाणी शस्त्रक्रियेनंतर आलेला आराम शस्त्रक्रियेमुळेच आला, हे डोळे सांगू शकत नाहीत. सर्जन जितका कुशल, तितका त्याच्या हातावरचा त्याचा विश्वास दृढ असतो, आणि तो विश्वासच अनेकदा निरीक्षणाला फसवितो.

उंडेऱ्याची निम्मी माणसे

तुलनेचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या शेजारी झाला. तो शस्त्रक्रियेचा नव्हता, लसीचा होता, तरीही या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली. जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात ज्या कैद्यांनी स्वेच्छेने लस टोचून घेतली त्यांची तुलना इतरांशी करण्यात आली. परंतु स्वेच्छेने पुढे येणारा माणूस मुळातच अधिक धट्टाकट्टा असेल, ही शंका तेथे उरत होती.

फेब्रुवारी १८९८ मध्ये गायकवाडांच्या राज्यात, बडोद्याजवळच्या उंडेरा गावी, हाफकिन यांनी ही शंका दूर करण्याचा यत्न केला. गावातील कुटुंबे एकेक करून बोलाविण्यात आली आणि प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. वय, लिंग व प्रकृती पाहून दोन्ही बाजू शक्य तितक्या सारख्या राखल्या. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. पुढील काही आठवड्यांत २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्या कुटुंबांतील लस टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना रोग झाला व ३ मरण पावले. लस न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला व २६ मरण पावले.

हे आकडे आजही वाचताना अंगावर काटा येतो. त्यांत दोन धडे आहेत. दोन गट एकाच घरातून घेतले की तुलनेला बळ येते, हा पहिला. दुसरा अधिक कठोर आहे : कोणास टोचायचे हे हाफकिन यांचा हात ठरवीत होता, आणि निवडणाऱ्याचा हात कितीही शुद्ध असला तरी तो पूर्णपणे निःपक्ष राहू शकत नाही. शिवाय त्या ६४ जणांना आपण तुलनेच्या दुसऱ्या पारड्यात बसविले गेलो आहोत, हे कोणी समजावून सांगून त्यांची संमती घेतली होती काय, हा प्रश्नही आज आपण विचारलाच पाहिजे.

चिठ्ठीचा प्रवेश

निवडणाऱ्याचा हात दूर करण्याचा उपाय १९४८ साली जगासमोर ठळकपणे आला. ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची चाचणी १०७ रुग्णांवर झाली. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने कोणास औषध मिळावे हे यादृच्छिक संख्यांनी ठरवून ते बंद पाकिटांत घातले होते. रुग्ण चाचणीत दाखल झाल्याशिवाय पाकीट उघडायचे नाही, असा नियम होता. यादृच्छिक नियंत्रित चाचणी म्हणतात ती हीच. साध्या भाषेत, चिठ्ठी टाकून केलेली तुलना.

औषधशास्त्राने ही रीत लवकर स्वीकारली, शस्त्रक्रियेने मात्र रेंगाळत. त्याची कारणे समजण्याजोगी आहेत. गोळीसारखीच दिसणारी साखरेची गोळी देता येते, पण खोटी शस्त्रक्रिया कशी करावी? एक गोळी दुसरीसारखीच असते, पण एका सर्जनचा हात दुसऱ्यासारखा नसतो. आणि 'मला ठाऊक नाही, चिठ्ठी काय म्हणते ते पाहू', असे रुग्णासमोर म्हणणे, रोज निर्णय घेण्याची सवय असलेल्या माणसास जड जाते.

या अडचणी ओलांडून ज्या चाचण्या झाल्या त्यांनी मात्र मोठमोठ्या श्रद्धा हलविल्या. छातीतील एक धमनी बांधली की हृदयशूळ कमी होतो, असे १९५०च्या दशकात मानले जाई. १९५९ साली अमेरिकेत १७ रुग्णांवर चिठ्ठी टाकून चाचणी झाली. सर्वांच्या त्वचेला छेद दिला, पण धमनी काहींचीच बांधली. धमनी न बांधलेल्यांनाही तसाच आराम वाटला, आणि ती शस्त्रक्रिया लवकरच मागे पडली. ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झिजलेल्या गुडघ्याची दुर्बिणीने केलेली सफाई नुसत्या छेदाहून सरस ठरली नाही.

स्तनाच्या कर्करोगाची कथा याहून मोठी आहे. १८९४ साली विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी हे सारे एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. पाऊणशे वर्षे स्त्रियांनी ती सोसली. १९७१ पासून बर्नार्ड फिशर यांनी १,६६५ स्त्रियांवर चिठ्ठीची चाचणी केली. पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ साली जे निष्कर्ष छापले गेले त्यांत ती मोठी शस्त्रक्रिया झालेल्या आणि कमी कापलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात अर्थपूर्ण फरक नव्हता.

चाचणीचीही पारख हवी

चिठ्ठी टाकली की चाचणी चांगली झाली, असे मात्र नाही. १९९६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी शस्त्रक्रियाविषयक संशोधनाची तुलना विनोदी संगीतिकेशी केली होती. सर्जनमंडळी आपापल्या रुग्णांच्या मालिका छापतात आणि तुलना क्वचितच करतात, हा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी चाचणीचा वृत्तांत कसा लिहावा याचे 'कन्सॉर्ट' नावाचे नियम आले. २००८ साली शस्त्रक्रियेसारख्या औषधेतर उपचारांसाठी त्यांना जोड देण्यात आली.

या नियमांमागील विचार आपल्या परिसरातील माणसास चटकन उमजेल. इच्छापोरच्या रत्न-आभूषण वसाहतीत हिऱ्यांच्या दोन पुड्यांची तुलना करायची झाली, तर पारखी आधी विचारतो : दोन्ही पुड्या एकाच मालातून भरल्या का? भरणाऱ्याने चांगले खडे एका बाजूस सारले तर नाहीत? मधल्या मध्ये काही खडे गळाले का? चाचणीचेही तसेच आहे. चिठ्ठीत काय निघणार हे डॉक्टरला आधी कळता कामा नये. ज्या गटाची चिठ्ठी निघाली त्या गटातच रुग्णाची गणना शेवटपर्यंत व्हावी, मग त्याने ऐनवेळी शस्त्रक्रियेस नकार दिला तरी. पाठपुराव्यातून किती जण निसटले, हे उघड सांगावे. शस्त्रक्रिया कोणी केली आणि त्यात त्यांचा हात कितपत बसलेला होता, हे नोंदवावे. परिणाम मोजणाऱ्यास शक्य तेथे रुग्णाचा गट ठाऊक नसावा. आणि रुग्णसंख्या एवढी असावी की खरा फरक असेल तर तो दिसून यावा.

या सर्वांच्या तळाशी नोंदींचा खरेपणा असतो. फिशर यांच्या चाचण्यांत सहभागी असलेल्या माँट्रियल येथील एका केंद्रात अपात्र रुग्णांना पात्र ठरविण्यासाठी नोंदी बदलल्याचे १९९४ साली जगजाहीर झाले. त्या केंद्राचे सर्व रुग्ण वगळून पुन्हा हिशेब केला, तेव्हा निष्कर्ष तोच निघाला. चाचणी अनेक केंद्रांत पसरलेली होती म्हणून ती तरली. तथापि मधल्या काळात असंख्य स्त्रियांच्या मनात जी भीती निर्माण झाली, तिची भरपाई कोणत्याही फेरमोजणीने होत नाही.

परळचे दोन कौल

आता परळकडे वळू. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले आणि मुखकर्करोगाचे असंख्य रुग्ण तेथे येत गेले. त्यांच्याबाबत एक प्रश्न दशकानुदशके अनिर्णित होता. जिभेवर किंवा गालाच्या आतल्या बाजूस लहान गाठ आहे, मानेत हाताला काहीच लागत नाही. तरीही तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील लसिकाग्रंथी काढून टाकाव्यात, की तेथे गाठ उद्भवली तरच काढाव्यात? ज्यांच्या ग्रंथींत रोग नसेल त्यांच्यावर मानेची शस्त्रक्रिया व्यर्थ लादली जाते आणि खांदा दुखण्यासारखे त्रास मागे उरतात. थांबावे, तर छुपा रोग वाढण्याचे भय.

टाटा रुग्णालयातीलच फकीह व सहकाऱ्यांनी १९८९ साली या प्रश्नावर चिठ्ठीची चाचणी प्रसिद्ध केली. तीत ७० रुग्ण होते. फ्रान्समधील १९८०च्या चाचणीत ७५, ब्राझीलमधील १९९४च्या चाचणीत ६७ आणि हाँगकाँगमधील २००९च्या चाचणीत ७१. प्रत्येकीची रुग्णसंख्या अपुरी, आणि चारही मिळून सर्वमान्य उत्तर मिळेना. चाचणी लहान असली की 'फरक दिसला नाही' आणि 'फरक नाही' या दोन वाक्यांतील अंतर पुसले जाते. आमच्या मते शस्त्रक्रियेच्या चाचण्यांचा हा सर्वांत सार्वत्रिक दोष होय.

२००४ साली अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला. २०१४ पर्यंत ५९६ रुग्ण दाखल झाले. पहिल्या ५०० रुग्णांचा अंतरिम हिशेब पाहून देखरेख समितीने चाचणी थांबविण्याची शिफारस केली, कारण उत्तर स्पष्ट झाले होते. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे आठ जणांच्या ग्रंथी आधी काढल्या तर एकाचा मृत्यू टळतो. त्रासाचे प्रमाणही लपविले नाही : ते पहिल्या गटात ६.६ टक्के, दुसऱ्यात ३.६ टक्के होते. २०१५ साली हा निबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापला गेला आणि मुखकर्करोगाच्या उपचारांत त्याने मोठा बदल घडविला. २०१९ साली ब्रिटनमधील एका चाचणीने त्याच दिशेस कौल दिला.

त्याच २०१५ साली त्याच रुग्णालयातून दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचा प्रश्न असा होता : स्तनाचा कर्करोग निदानाच्या वेळीच शरीरात अन्यत्र पसरलेला असेल, तर स्तनातील मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते काय? पूर्वीच्या नोंदींवरून तसे वाटत होते. अमेरिकेतील सोळा हजारांवर रुग्णांच्या नोंदींत शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया अधिक जगल्या होत्या. पण ज्या स्त्रियांची प्रकृती बरी आणि रोग कमी पसरलेला, त्यांनाच सर्जन शस्त्रक्रियेसाठी निवडीत असणार, ही उंडेऱ्याची जुनी शंका येथेही लागू होती. बडवे यांनी २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रियांची चिठ्ठीने विभागणी केली. शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यक आयुर्मान १९.२ महिने, न झालेल्यांचे २०.५ महिने. शस्त्रक्रियेने आयुष्य वाढले नाही.

या चाचणीवर आक्षेपही आले. ज्यांना महागडी लक्ष्यवेधी औषधे लागू पडली असती, अशा बहुतेक स्त्रियांना ती मिळालेली नव्हती. तुर्कस्तानातील २७४ स्त्रियांच्या चाचणीत पाच वर्षांनी शस्त्रक्रियेचा लाभ दिसला; परंतु तेथे सौम्य जातीचा रोग असलेल्या स्त्रिया शस्त्रक्रियेच्या गटात अधिक आल्या होत्या. पुड्या समान भरल्या गेल्या नव्हत्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीने आयुर्मानाबाबत परळचाच निष्कर्ष उचलून धरला.

एकच रुग्णालय, एकच वर्ष, आणि दोन विरुद्ध कौल. मानेच्या ग्रंथींबाबत चाचणी म्हणाली, आधीच कापा. पसरलेल्या रोगात स्तनातील गाठीबाबत म्हणाली, जीव वाढविण्यासाठी कापू नका. चांगल्या चाचणीची ओळख आम्हांस येथेच दिसते. उत्तर कोणत्याही बाजूस जावो, ते स्वीकारण्याची तयारी ठेवूनच ती आरंभिली जाते. सर्जनने आपल्या सुरीविरुद्ध निर्णय छापावा, यास मनाचा मोठेपणा लागतो.

आपण काय विचारावे

सुरतेचे नावही या क्षेत्रात आले आहे. येथील सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या सुप्राफ्लेक्स स्टेंटची तुलना एका प्रस्थापित परदेशी स्टेंटशी युरोपातील सात देशांत १,४३५ रुग्णांवर झाली. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष छापले गेले. वर्षभरात हृदयविषयक अनिष्ट घटनांचे प्रमाण ४.९ व ५.३ टक्के होते, म्हणजे आपला स्टेंट कमी प्रतीचा ठरला नाही. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु 'हा स्टेंट त्या स्टेंटइतका चांगला आहे काय' हा एक प्रश्न झाला आणि 'या रुग्णास स्टेंट हवा काय' हा अगदी वेगळा. लंडनच्या २०१७च्या एका चाचणीत स्थिर हृदयशूळाच्या २०० रुग्णांपैकी काहींना स्टेंट बसविला आणि काहींवर फक्त तसा देखावा केला. सहा आठवड्यांनी व्यायाम करण्याच्या क्षमतेत दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांना हा निष्कर्ष लागू नाही. चाचणी वाचताना ती कोणावर झाली, हे म्हणूनच प्रथम पाहावे.

२००७ पासून भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे आणि कोणासही ती पाहता येते. चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिचा प्रश्न तेथे नोंदला गेला असेल, तर नंतर उत्तराप्रमाणे प्रश्न बदलण्याची वाट बंद होते. आपल्या घरातील कोणास उद्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले गेले, तर घाबरून नकार देऊ नये आणि न वाचता सहीही करू नये. संमतिपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागावे. दोन्ही गटांना काय मिळणार, कोणता उपचार चांगला हे डॉक्टरांस खरोखरच ठाऊक नाही काय, मध्येच बाहेर पडता येईल काय, आणि अपाय झाल्यास जबाबदारी कोणाची, हे चार प्रश्न अवश्य विचारावेत.

आज सुरतेच्या किंवा मुंबईच्या सर्जनने 'मानेच्या ग्रंथीही आताच काढू' असे सांगितले, तर त्या वाक्यामागे परळच्या ५०० रुग्णांची चिठ्ठी आहे. त्यांतील निम्म्यांच्या वाट्याला वाट पाहण्याची चिठ्ठी आली, आणि त्यांतील अनेकांना त्याची किंमत मोजावी लागली. त्यांनी संमती देताना उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांची नावे कोणत्याही निबंधात छापलेली नाहीत. पुण्याच्या त्या कारागिराचे नाव हरवले, उंडेऱ्याच्या माणसांची हरवली, तशीच हीही. आपल्या उपचारांचा शहाणपणा अशा अनामिकांकडून आलेला आहे, याची जाणीव ठेवणे आणि पुढच्या चाचणीत सामील होणाऱ्यांना त्यांचा प्रश्न, त्यांचे हक्क व त्यांचे उत्तर हे सारे मिळेल असा आग्रह धरणे, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.